प्रवेश पक्का झाल्यानंतरची एपी परीक्षा: एका पालकाचा अभिप्राय

परीक्षेचा अभिप्राय लिहिण्याची पद्धत आपल्याकडे नाही. परीक्षा द्यायची असते, पेपर अवघड गेला म्हणून तिला नावे ठेवायची असतात आणि निकाल लागला की पेढे वाटायचे असतात. अमेरिकेतील एपी, म्हणजेच ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, ही शाळेतील मुलांनी कॉलेजच्या पातळीच्या विषयांत द्यायची परीक्षा मात्र सरळसरळ पैसे मोजून विकत घेण्याची सेवा आहे. १९०० साली स्थापन झालेली कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था ती घेते, २०२५ मध्ये अमेरिकेत एका विषयाचे शुल्क ९९ डॉलर होते आणि विषय चाळीसच्या आसपास आहेत. कोणताही विषय घ्या अथवा घेऊ नका, सक्ती कोणाचीच नाही. तेव्हा या परीक्षेकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहणे मला रास्त वाटते. तेव्हा बारावीत असलेल्या माझ्या मुलीसाठी मागच्या वर्षी आम्ही अशा पाच परीक्षांचे पैसे भरले, त्यांपैकी तीन तिने दिल्या आणि दोन सोडल्या. हा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे आणि तो मुख्यतः एकाच प्रश्नापुरता आहे: कॉलेजात प्रवेश मिळून गेल्यानंतर ही परीक्षा द्यावी का?

हा प्रश्न उद्भवतो तो वेळापत्रकामुळे. बहुतेक विद्यापीठांचे प्रवेशाचे निर्णय मार्चच्या अखेरपर्यंत कळतात, कोणते कॉलेज घ्यायचे ते ठरवून डिपॉझिट भरण्याची मुदत बव्हंशी १ मे असते आणि एपी परीक्षा होतात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. निकाल जुलैत लागतो. म्हणजे प्रवेश देणाऱ्याने बारावीच्या वर्षातील एपीचे गुण पाहिलेलेच नसतात. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या आईला हे सांगितले, तेव्हा तिने चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "अरे, प्रवेश झाला ना तिचा? मग आता परीक्षा कसली?" आधी परीक्षा, मग गुणपत्रिका, मग प्रवेशाच्या याद्या, हा क्रम आमच्या तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे तिचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नव्हता. बाजूला बसलेल्या मुलीने ती संधी साधली. "बाबा, आजी बरोबर बोलतेय. तू तिचं ऐक ना."

आजी आणि नात दोघींचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, परंतु या परीक्षेचा इतिहास पाहिला तर चित्र उलटे दिसते. १९५० च्या दशकात हा कार्यक्रम सुरू झाला तो प्रवेशासाठी नव्हेच. काही हुशार मुले शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाइतका अभ्यास करून येतात आणि कॉलेजात त्यांना तोच भाग पुन्हा शिकावा लागतो, ही तक्रार होती. त्या मुलांना योग्य त्या पुढच्या वर्गात बसवता यावे यासाठी परीक्षा आखली गेली, १९५५ साली कॉलेज बोर्डाने तिची जबाबदारी घेतली आणि नावातही 'प्लेसमेंट' हाच शब्द राहिला. अर्जावर शोभा आणण्यासाठी एपीच्या विषयांची लांबलचक रांग लावणे ही त्यानंतर पडलेली प्रथा आहे. प्रवेशानंतर दिलेली परीक्षा हीच तिच्या मूळ कामाला धरून असते. त्यामुळे "प्रवेश झाला, आता उपयोग काय?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, उपयोग झालाच तर तो आताच होणार आहे. तो होणार की नाही, हे मात्र विषयागणिक आणि कॉलेजागणिक बदलते.

पालकांच्या मनातील एक भीती आधी दूर करतो. परीक्षा दिली नाही किंवा तीत १ गुण मिळाला, तर अमेरिकी कॉलेज दिलेला प्रवेश काढून घेईल का? गुणांकन १ ते ५ असे असते आणि हे गुण प्रवेशपत्राच्या अटींत सहसा नसतातच. तिथे अट असते ती सुरू असलेले विषय पूर्ण करण्याची आणि शाळेच्या अंतिम ट्रान्सक्रिप्टवरील, म्हणजे गुणपत्रकावरील, श्रेणी घसरू न देण्याची. एपीच्या वर्गात वर्षभर मिळालेली श्रेणी ही एक गोष्ट आणि मे महिन्यातील परीक्षा ही दुसरी, हा फरक मुलांना ठाऊक असतो. आपल्यालाच तो समजून घ्यायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे विषय आणि त्याची परीक्षा वेगळी काढता येत नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांची गोष्ट निराळी आहे. तिथे अमेरिकी शाळांतील मुलांना एपीच्या ठरावीक गुणांच्या अटीवर प्रवेश दिला जातो आणि अशा मुलांसाठी ही परीक्षा ऐच्छिक राहतच नाही. शिवाय शाळेचे स्वतःचे नियमही पाहून घ्यावेत. एपीची परीक्षा देणाऱ्याला त्या विषयाच्या वार्षिक परीक्षेतून सूट, असा नियम काही शाळांत असतो, आणि आमच्याकडे तो होता. त्यामुळे मे महिन्यातील पेपर टाळून मुलीची सुटका होणार नव्हती. तो पेपर नुसता जूनमध्ये ढकलला जाणार होता.

आता मालाकडे वळतो. ९९ डॉलरच्या बदल्यात काय मिळते, हे परीक्षा घेणारी संस्था ठरवत नाही, ते तुमचे कॉलेज ठरवते, आणि या सेवेचा सर्वांत चमत्कारिक भाग हाच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांत ३ किंवा त्याहून अधिक गुणांना क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, मिळते. एमआयटीत कॅल्क्युलस बीसी या कलनशास्त्राच्या वरच्या पातळीच्या एपी विषयाला ५ असतील तर पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसमधून सुटका होते. कॅल्टेक एपीला क्रेडिट देत नाही, स्वतःची चाचणी घेऊन मुलाला वर्गात बसवते. डार्टमथने २०१४ पासून येणाऱ्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी असे क्रेडिट देणे बंद केले. ब्राउनमध्ये हे गुण वरच्या वर्गात बसण्यापुरते उपयोगी पडू शकतात, पदवीसाठी लागणाऱ्या विषयांच्या मोजणीत ते येत नाहीत. एकच पेपर, एकच गुण, आणि एका गावात त्याचे आठ क्रेडिट तर दुसऱ्या गावात शून्य. म्हणून प्रवेश पक्का झाल्यानंतरची पहिली पायरी म्हणजे आपल्या कॉलेजचा एपी तक्ता, म्हणजे कोणत्या गुणाला काय मिळते याची यादी, उघडणे, आणि तोही आपल्या शाखेचा, कारण एकाच विद्यापीठात अभियांत्रिकीचा तक्ता कला शाखेच्या तक्त्याहून कडक असू शकतो.

आम्ही तो तक्ता छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मुलीने पेन्सिलीने एकेक ओळ तपासली. तिला राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. कॅल्क्युलस बीसीसमोर दोन सत्रांचे गणित लिहिले होते. तिथे तिने दोन रेघा ओढल्या. फिजिक्स सी मेकॅनिक्सला फक्त ५ चालणार होते, तिथे प्रश्नचिन्ह आले. मॅक्रोइकॉनॉमिक्सने समाजशास्त्रांतील एक ऐच्छिक विषय भागणार होता. इंग्रजी साहित्याचे क्रेडिट ज्या विषयाच्या जागी बसत होते, तो विषय अकरावीतल्या इंग्रजी भाषेच्या एपीने आधीच भागला होता, आणि अमेरिकन गव्हर्नमेंटसमोर जे काही लिहिले होते त्याची तिच्या अभ्यासक्रमात गरजच नव्हती. एवढ्या पाच ओळी वाचायला वीस मिनिटे लागली. ही वीस मिनिटे आम्ही नोव्हेंबरात काढली असती तर बरे झाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो, पण नोव्हेंबरात कॉलेजच माहीत नव्हते.

इथे माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार येते. पूर्ण वर्षाच्या विषयांची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते आणि त्यानंतर नोंदणी केल्यास विषयामागे ४० डॉलर उशिराचे शुल्क पडते. म्हणजे कॉलेज ठरण्याच्या पाच-सहा महिने आधी, कोणता गुण कुठे चालेल याची काहीही कल्पना नसताना, गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे. नोंदवलेली परीक्षा दिली नाही तर बोर्ड शाळेकडून पूर्ण शुल्काऐवजी ४० डॉलर घेते. उरलेले पालकांना परत करायचे की नाही, हे शाळेवर असते. आमच्या शाळेने विषयामागे सहा डॉलर व्यवस्थापनाचे म्हणून जोडून १०५ डॉलर घेतले होते आणि परताव्यासाठी कळवण्याची शेवटची तारीख ठेवली होती मार्चच्या मध्याची. मुलीच्या प्रवेशाचा निर्णय आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. दोन सोडलेल्या विषयांचे २१० डॉलर त्यामुळे गेले, आणि त्यातले बोर्डाचे ८० वजा केले तरी १३० डॉलर कोणतीही परीक्षा न घेता शाळेकडेच राहिले. रक्कम मोठी नाही. परंतु ज्या मुलांना परताव्याची गरज पडणार तीच मुले त्या तारखेला निर्णयाची वाट पाहत बसलेली असतात, एवढे तरी तारीख ठरवणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात सवलत मिळते, ही जमेची बाजू नोंदवतो.

पैसे गेलेच आहेत तर परीक्षा देऊन टाकावी, हा विचार आमच्याही घरात झाला, आणि तो मीच मांडला. बायकोने तो मोडून काढला. तिचे म्हणणे असे की, न आवडणारी भाजी विकत आणली म्हणून ती खाल्लीच पाहिजे असे नाही. मुलीचा मे महिना त्या १०५ डॉलरपेक्षा महाग आहे. साहित्याच्या पेपरात तीन निबंध लिहायचे असतात आणि त्याची तयारी म्हणजे किमान तीन शनिवार-रविवार. ते दिवस कॅल्क्युलसला दिले तर तिथला ५ अधिक पक्का होईल, या युक्तिवादापुढे माझा हिशेब टिकला नाही.

क्रेडिटमुळे पैसे वाचतात, असे या परीक्षेचे समर्थक सांगतात, आणि आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत तर हा आकडा फारच उत्साहाने सांगितला जातो: तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे हजाराहून अधिक डॉलर, असे पाच विषय म्हणजे अमुक इतकी बचत. या गणितात एक गोष्ट राहून जाते. अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क सत्रागणिक ठरलेले असते. बारा क्रेडिट घ्या वा सोळा, रक्कम तीच. मुलाने चार वर्षे पूर्ण काढली तर एपीच्या वीस क्रेडिटमुळे एक डॉलरही वाचत नाही. बचत होते ती एखादे अख्खे सत्र कमी झाले तरच, आणि अभियांत्रिकीत विषय एकामागून एक साखळीने येत असल्याने ते सहजासहजी साधत नाही. खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. काही ठिकाणी जमलेल्या क्रेडिटवर नावनोंदणीचा क्रम ठरतो आणि हव्या त्या प्राध्यापकाच्या वर्गात जागा मिळते, एखादे सत्र हलके करता येते, दुसरा विषय जोडीला घेता येतो. हे फायदे डॉलरांत सांगता येत नाहीत, म्हणून ते गप्पांत कमी ऐकू येतात.

परीक्षा म्हणून हा माल कसा आहे? माझ्या मते उत्तम. कॅल्क्युलस बीसीचा पेपर सव्वातीन तासांचा असतो: ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि सहा सविस्तर उत्तरांचे, काही भाग कॅल्क्युलेटरसह आणि काही त्याशिवाय. २०२५ पासून बहुपर्यायी भाग संगणकावर आणि सविस्तर उत्तरे कागदावर हाताने, अशी मिश्र पद्धत गणित आणि विज्ञानाच्या अनेक विषयांना लागू झाली. इतिहास-साहित्यासारखे विषय पूर्णपणे संगणकावर गेले. त्याच वर्षी मेकॅनिक्सचा पेपर दीड तासावरून तीन तासांचा झाला, हे मुलीला जानेवारीत शिक्षकांनी सांगितले तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. मी स्वतः जुन्या वर्षांचे सविस्तर प्रश्न, जे बोर्ड मोफत उपलब्ध करून देते, रात्री जेवणानंतर सोडवून पाहिले. टाकीत पाणी शिरण्याचा वेग आणि गळण्याचा वेग दिला आहे, कोणत्या क्षणी पाणी सर्वांत जास्त असेल ते सांगा आणि तुमच्या उत्तराचे कारण द्या, अशा धर्तीचा प्रश्न होता. उत्तर बरोबर आले, कारण लिहिले नव्हते. मुलीने गुणदानाचा कागद पुढे सरकवून माझे गुण कापले. आमच्या काळी 'खालील प्रमेय सिद्ध करा' म्हटले की पाठ केलेले उतरवता येत असे. इथे ते चालत नाही, आणि हे मला मनापासून आवडले. विषयांच्या यादीविषयी मात्र एक किरकोळ कुरकुर आहे: भाषांत चिनी आहे, जपानी आहे, लॅटिनसुद्धा आहे, पण एकही भारतीय भाषा नाही.

निकालानंतरची सेवा मध्यम म्हणावी लागेल. दर वर्षी एका कॉलेजला गुण मोफत पाठवता येतात, पण त्यासाठी २० जूनपर्यंत आपल्या खात्यात कॉलेजचे नाव निवडावे लागते. ती तारीख चुकली की प्रत्येक अहवालाला १५ डॉलर पडतात. प्रवेश झालेल्या मुलासाठी कॉलेज ठरलेले असल्याने ही मोफत सोय नेमकी त्याच्याच कामाची आहे, आणि नेमकी त्याच मुलाला जूनमध्ये शाळेच्या निरोपसमारंभातून डोके वर काढायला फुरसत नसते. एका अहवालात आधीच्या वर्षांचे गुणही जातात, त्यामुळे अकरावीतले तीन विषय वेगळे पाठवावे लागले नाहीत. गैरसोय झाली ती दुसरीच. कॉलेजचे ओरिएंटेशन, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांचा ओळखीचा कार्यक्रम, जूनच्या अखेरीस होते आणि पहिल्या सत्राचे विषय तिथेच निवडायचे होते. गुण यायचे होते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. सल्लागार बाईंनी विचारले, "बीसीला किती येतील असे वाटते?" मुलगी म्हणाली, "पाच." त्या शब्दावर तिला तिसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये नाव घालू दिले, आणि कमी आले तर बदल करायला सांगितले. अलीकडच्या वर्षांत बीसीला ५ मिळवणाऱ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, तेव्हा बाईंचा विश्वास अगदीच अनाठायी नव्हता.

निकाल असा लागला: बीसीला ५, मॅक्रोइकॉनॉमिक्सला ४, मेकॅनिक्सला ४. पहिल्या दोहोंचे क्रेडिट मिळाले. मेकॅनिक्सच्या चाराला अभियांत्रिकीच्या तक्त्यात जागा नव्हती, म्हणजे तिथले पैसे आणि तीन तास दोन्ही वाया गेले, असे मी जुलैत म्हणालो. सप्टेंबरात तीच मेकॅनिक्स पुन्हा शिकताना पहिला महिना तिला सोपा गेला आणि तो वेळ तिने तिसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसला दिला, कारण मधल्या उन्हाळ्यात समाकलनाचे अर्धे अधिक विस्मरण झाले होते. पुढच्या वर्गात उडी मारण्याची ही किंमत कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते. ज्यांचे मूल गणितात काठावर आहे, त्यांनी गुण घ्यावेत पण क्रेडिट वापरण्याचा निर्णय राखून ठेवावा. अनेक कॉलेजांत क्रेडिट नाकारून पहिल्यापासून शिकण्याची मुभा असते.

आमच्या मित्रमंडळातील एक गृहस्थ याच्याही पुढे जाऊन सांगतात की, क्रेडिट घेऊच नये, पहिल्या सत्रात येत असलेलाच विषय पुन्हा घ्यावा आणि सरळ ए ही श्रेणी मिळवावी, कारण एपीचे गुण कॉलेजच्या जीपीएत, म्हणजे सरासरी श्रेणीत, मोजले जात नाहीत. वैद्यकीय शिक्षणाकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालये रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या आवश्यक विषयांसाठी एपीचे क्रेडिट मान्य करत नाहीत किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचे विषय मागतात. तिथे हा पेपर देऊन सुटका होण्याची आशा धरू नये. अभियांत्रिकी, संगणक आणि अर्थशास्त्राच्या मुलांना मात्र हा सल्ला मी देणार नाही. येत असलेला विषय सोळा आठवडे पुन्हा ऐकत बसणे ही शिक्षा आहे, आणि अठरा वर्षांचे मूल अशा वर्गात जाणे लवकरच सोडून देते.

महाराष्ट्रातून थेट इथल्या पदवीला येणाऱ्या मुलांसाठी दोन ओळी. ही परीक्षा भारतातील ठरावीक केंद्रांवर देता येते, परंतु तिथे शुल्क अधिक आहे. बारावी किंवा आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम संपवून आधीच थकलेल्या मुलाने केवळ क्रेडिटसाठी हा भार घ्यावा, असे मला वाटत नाही. गणिताच्या वर्गासाठी बहुतेक विद्यापीठे स्वतःची प्लेसमेंट चाचणी घेतात, आणि योग्य वर्ग मिळण्यापुरते तेवढे पुरते.

पाचांपैकी किती तारे, असे विचाराल तर प्रश्नपत्रिकेला साडेचार, गुण पाठवण्याच्या सोयीला तीन आणि नोंदणीच्या वेळापत्रकाला एक. प्रवेशानंतर ही परीक्षा द्यावी का? कॅल्क्युलस बीसीसारखा विषय, ज्याच्या गुणाने पहिल्याच सत्रातील वर्ग बदलतो, तो जरूर द्यावा. तक्त्यात ज्याच्यासमोर कामाचे काही लिहिलेले नाही, तो खुशाल सोडावा. आणि केवळ पैसे भरले आहेत म्हणून कोणताच देऊ नये.

धाकटा आता अकरावीत आहे. त्याच्या नोंदणीचा अर्ज भरताना मी शाळेला एक पत्र लिहिले आणि बारावीच्या मुलांसाठी परताव्याची तारीख १५ एप्रिल करावी, अशी विनंती केली. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.